मराठवाड्यातून विमानानं जायचंय? अंतर आणि वेळ कशी काढायची

"संभाजीनगरहून दिल्ली किती घंटे हो?"

असा फोन मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. कधी परभणीच्या मावशीचा, कधी अंबाजोगाईच्या आतेभावाचा, कधी त्यांनी माझा नंबर दिलेल्या कुणा ओळखीच्या माणसाचा. नात्यागोत्यात तिकिटं काढून देण्याचं काम माझ्याकडे आलंय, आणि मला ते आवडतंही. मी उलट विचारतो, "विमानाचे घंटे सांगू, का तुमच्या दारापासूनचे?" समोरचा थोडा गोंधळतो. पण पहिल्यांदा विमानानं जाणाऱ्यानं सगळ्यात आधी हाच फरक समजून घ्यायला हवा.

हे मला फार उशिरा कळलं. आईला मुंबईला डॉक्टरांना दाखवायचं होतं आणि नंबर सकाळी साडेदहाचा मिळाला होता. दोन शहरांमधलं अंतर सांगणाऱ्या एका संकेतस्थळावर मी पाहिलं: अंतर २७८ किलोमीटर, विमानाला वेळ २३ मिनिटं. तिकिटावर सव्वा तास लिहिलेला होता, तरी माझ्या डोक्यात ती २३ मिनिटंच बसली. वाटलं, विमान लवकरच पोचेल. उतरलो तेव्हा पावणेनऊ वाजले होते. धावपट्टीवरून विमान जागेला लागेपर्यंत दहा मिनिटं, बॅग यायला वीस, टॅक्सी मिळायला पंधरा, आणि पुढं अंधेरी ते परळ ऐन कामाच्या वेळची गर्दी. पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. नंबर गेला होता. आई दुपारी तीनपर्यंत बाकावर बसून राहिली. तोंडानं काही बोलली नाही, पण तिचे सुजलेले पाय मला दिसत होते. तेव्हापासून मी कुणाचंही तिकीट काढायच्या आधी कागद घेऊन बसतो. तो कागद कसा भरायचा, ते इथं लिहितोय.

पहिली पायरी: शहर नाही, विमानतळ लिहा

कागदाच्या वर "संभाजीनगर ते मुंबई" असं लिहू नका. "चिकलठाणा विमानतळ ते अमुक विमानतळ" असं लिहा. विमान शहरातून सुटत नाही आणि शहरात उतरत नाही.

चिकलठाण्याचा कोड, म्हणजे तिकिटावर दिसणारी विमानतळाची तीन इंग्रजी अक्षरं, आयएक्सयू. शहराचं नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं, पण तिकिटाच्या कितीतरी ॲपमध्ये अजून "औरंगाबाद" टाकल्याशिवाय विमानतळ सापडत नाही. बिहारमध्येही औरंगाबाद आहे, म्हणून कोड बघूनच पुढं जा. नांदेडच्या श्री गुरु गोबिंद सिंगजी विमानतळाचा कोड एनडीसी.

उतरायचं ठिकाण तर त्याहून जास्त जपून बघा, कारण मोठ्या शहरांना आता दोन-दोन विमानतळ झालेत. मुंबईचा जुना विमानतळ अंधेरी-सांताक्रूझकडे, कोड बीओएम. नवी मुंबईचा उलव्याजवळ, कोड एनएमआय, त्याचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. दोन्हींना लोक सरसकट "मुंबई" म्हणतात. पण तुमचं काम बोरिवलीत असेल तर उलव्याला उतरून दीड-दोन तास रस्त्यावरच जातील. काम पनवेल-बेलापूरकडे असेल तर उलवाच बरं. दिल्लीचंही तसंच. पालमचा इंदिरा गांधी विमानतळ वेगळा आणि गाझियाबादचा हिंडन वेगळा. हिंडन उत्तर प्रदेशात, यमुनेच्या पलीकडे आहे. नांदेडच्या माणसानं दिल्लीचं तिकीट काढताना हे नाव मुद्दाम तपासावं. गोव्याला दाबोळी आणि मोपा, तिथंही हीच काळजी.

जुन्या मुंबई विमानतळाला टर्मिनलही दोन आहेत, टी-१ आणि टी-२. दोन्हींची दारं वेगळ्या रस्त्यांवर आहेत. न्यायला येणाऱ्याला टर्मिनल सांगितलं नाही तर तो एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे उभे राहाल.

दुसरी पायरी: सरळ अंतर स्वतः काढा

हे घरी बसून, साध्या कॅल्क्युलेटरवर जमतं. दहावीतलं पायथागोरसचं प्रमेय तेवढं आठवायला हवं.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे १११ किलोमीटर. हा आकडा सगळीकडे जवळपास तोच. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तावर सगळ्यात रुंद असतो आणि ध्रुवांकडे चिंचोळा होत जातो. आपल्या मराठवाड्याच्या पट्ट्यात तो सुमारे १०५ किलोमीटर भरतो, दिल्लीकडे जाताना मधल्या वाटेवर १०२ धरा.

आता चिकलठाणा: १९.८६ उत्तर, ७५.४० पूर्व. मुंबई: १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. अक्षांशातला फरक ०.७७, गुणिले १११, म्हणजे ८५ किलोमीटर. रेखांशातला फरक २.५३, गुणिले १०५, म्हणजे २६६. दोन्हींचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. उत्तर येतं सुमारे २७९ किलोमीटर. म्हणजे ते संकेतस्थळ अंतराच्या बाबतीत बरोबरच होतं. चूक वेळेत होती, त्याकडे पुढं येतो.

हाच हिशेब दिल्लीसाठी (२८.५६ उत्तर, ७७.१० पूर्व) केला की ९८० च्या आसपास येतं. हैदराबादचा शमशाबाद विमानतळ चिकलठाण्यापासून सुमारे ४३०, बंगळुरूचा देवनहळ्ळीचा सुमारे ७८०.

नांदेडच्या माणसासाठी नकाशात एक गंमतीची गोष्ट दडलेली आहे. नांदेडचा विमानतळ १९.१८ उत्तर, ७७.३२ पूर्व. अक्षांश जवळपास मुंबईचाच आणि रेखांश जवळपास दिल्लीचाच. म्हणजे नांदेडहून नाकासमोर पश्चिमेला गेलं की मुंबई, सुमारे ४७० किलोमीटर. आणि नाकासमोर उत्तरेला गेलं की दिल्ली, सुमारे १०४० किलोमीटर. इथं पायथागोरसचीही गरज नाही, नुसता गुणाकार पुरतो. माझ्या पुतण्याला भूगोलातले अक्षांश-रेखांश याच उदाहरणानं समजले.

गणित नको असेल तर फोनवर गूगल मॅप उघडा, सुटायच्या विमानतळावर बोट दाबून धरा, खाली "अंतर मोजा" येईल, मग नकाशा सरकवत दुसऱ्या विमानतळावर न्या. सरळ रेषेतलं अंतर मिळतं.

एक मात्र ध्यानात ठेवा. अंतर निघालं म्हणून विमान आहे असं होत नाही. त्या संकेतस्थळांवर लातूर-नाशिक टाका, परभणी-गोवा टाका, सगळ्यांचं अंतर आणि "विमानाची वेळ" बिनदिक्कत दिसते. लातूरला धावपट्टी आहे, धाराशिवलाही आहे, पण तिथून रोजची तिकिटाची विमानं सुटत नाहीत. हिशेब करायच्या आधी तिकिटाच्या ॲपमध्ये तारीख टाकून थेट विमान दिसतं का ते बघा. आणि आज आहे म्हणून सहा महिन्यांनी असेलच असंही नाही. विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. नांदेडकरांना हे सांगायला नको. २७ एप्रिल २०१७ ला उडान योजनेच्या पहिल्याच दिवशी नांदेड-हैदराबाद विमान सुरू झालं होतं, ते पुढं बंद पडलं, आणि २०२४ मध्ये नांदेडहून पुन्हा विमानं सुरू झाली. दिवाळीनंतरच्या लग्नाचं तिकीट जुलैत काढताना जुन्या वेळेवर विसंबू नका.

तिसरी पायरी: हवेतला वेळ आणि तिकिटावरचा वेळ

२७९ किलोमीटरला २३ मिनिटं कुठून आली? त्या संकेतस्थळानं अंतराला ताशी सातशे-साडेसातशेनं भागलं, बस. जणू विमान दारातून निघाल्याबरोबर पूर्ण वेगात पळतं आणि त्याच वेगात येऊन थांबतं.

प्रत्यक्षात काय होतं ते पहिल्यांदा बसणाऱ्यानं नीट समजून घ्यावं. तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे विमान जागेवरून हलण्याची वेळ. उडण्याची नाही. मग ते सावकाश धावपट्टीच्या टोकाला जातं, कधी थांबतं. उडाल्यावर वर चढतं, आणि चढताना वेग कमी असतो. मोठं जेट वर गेल्यावर ताशी ८०० च्या पुढं जातं, पण मुंबईच्या प्रवासात तो वेग जेमतेम काही मिनिटं मिळतो, कारण लगेच उतरायची तयारी सुरू होते. मग खाली मुंबईची रांग. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. एवढ्या मोठ्या विमानतळाचा सगळा भार एका वेळी एका पट्टीवर. मग विमानांना आकाशात घिरट्या घालायला लावतात. तुम्हाला खिडकीतून तीच खाडी दोनदा दिसली तर घाबरू नका, विमान नंबर लावून उभं आहे एवढंच.

कंपन्या हे सगळं धरूनच तिकिटावर वेळ छापतात. म्हणून मुंबईला तासाभराच्या वर काही मिनिटं लिहिलेली दिसतात.

मी वापरतो तो ठोकताळा असा. जेट असेल तर अंतराला ८०० नं भागा आणि वर अर्धा तास घाला. दिल्ली ९८० किलोमीटर: सव्वा तास अधिक अर्धा, म्हणजे पावणेदोन तास. तिकिटावर त्याहून पाच-पंधरा मिनिटं जास्तच असतील. मुंबईसाठी या हिशेबानं ५० मिनिटं येतात, तिथं गर्दीपोटी आणखी पंधरा-वीस घाला. पंख्याचं विमान, म्हणजे एटीआर असेल तर ४८० नं भागा आणि वर पंचवीस मिनिटं घाला. हैदराबाद ४३० किलोमीटर: सुमारे ५५ अधिक २५, म्हणजे एक तास वीस मिनिटं.

एटीआरला आपल्याकडे लोक नाक मुरडतात, "पंख्याचं हाय का?" म्हणून विचारतात. मी ठामपणे सांगतो, बिनधास्त बसा. जवळच्या अंतराला ते जेटपेक्षा पंधरा-वीस मिनिटंच जास्त घेतं, कमी उंचीवरून जातं, आणि खिडकीची जागा मिळाली तर पावसाळ्यानंतर खाली गोदावरीचं पात्र चमकताना दिसतं. लहान मुलांना त्याच विमानात आधी बसवा.

चौथी पायरी: दारापासून दारापर्यंत

आता कागदावर खाली-खाली लिहीत जा. घर ते विमानतळ. तिथं थांबणं. तिकिटावरचा वेळ. उतरून बाहेर पडणं. तिथून ज्या दारात जायचं तिथपर्यंत.

संभाजीनगरच्या क्रांती चौकातून चिकलठाण्याला अर्धा तास पुरतो, पण संध्याकाळी जालना रोड भरलेला असतो, तेव्हा पाऊण तास धरा. विमानतळावर दीड तास आधी पोचा. बहुतेक कंपन्या सुटण्याच्या ६० मिनिटं आधी सामान घेण्याचा काउंटर बंद करतात आणि विमानाचं गेट २५ मिनिटं आधी. एसटीसारखं पळत जाऊन दांडा धरता येत नाही, हे घरातल्या मोठ्या माणसांना आधीच समजावून सांगा. चिकलठाणा छोटा विमानतळ आहे, आत चालणं फार नाही, म्हणून दीड तास पुष्कळ झाला. परत येताना मुंबई-दिल्लीला मात्र दोन तास.

मुंबईला उतरल्यावर बॅग असेल तर पाऊण तास, नुसती हातातली असेल तर वीस-पंचवीस मिनिटं. मग वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत टॅक्सीला पाऊण तास.

नुसती हातातली बॅग धरून बेरीज करा: अर्धा, दीड, सव्वा, अर्धा, पाऊण. साडेचार तास. तुमच्या २७९ किलोमीटरचे खरे घंटे हे.

पाचवी पायरी: तुमच्या गावाला कोणता विमानतळ?

हीच पायरी सगळ्यात जास्त विचार करायला लावते, कारण मराठवाडा लांबरुंद आहे आणि सगळ्यांना चिकलठाणा सोयीचा नाही.

जालनेकरांना तो अगदी दारात आहे. विमानतळ जालना रोडलाच असल्यानं शहरात शिरावंही लागत नाही, तासाभरात गाडी आवारात. बीडकरांनी झाल्टा फाट्यावरून केम्ब्रिज चौकाकडे वळावं, म्हणजे तेही शहराची गर्दी टाळतात. बीडहून सव्वाशे किलोमीटर, अडीच-तीन तास.

परभणी आणि हिंगोलीला नांदेड जवळ. परभणीहून नांदेड दीड-दोन तासांत, तर चिकलठाणा दोनशेच्या आसपास किलोमीटर, चार तास. पण नांदेडहून मोजक्या शहरांनाच विमान मिळतं आणि कधी रोजचं नसतं. मी परभणीच्या मावशीला सांगतो, आधी नांदेडचं बघ, तुझ्या तारखेला असेल तर डोळे झाकून घे, नसेल तर चिकलठाणा. चिकलठाण्याचं विमान सकाळचं असेल तर आदल्या रात्री संभाजीनगरात मुक्काम करावा. रात्री दोनला परभणीहून जीप काढून, ड्रायव्हरला झोप येतेय आणि आपण त्याला चहा पाजतोय, असा प्रवास मी एकदा केलाय. पुन्हा करणार नाही आणि कुणाला करू देणार नाही.

लातूर आणि धाराशिवचा प्रश्न अवघड. लातूरहून नांदेड सुमारे १४० किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या आत-बाहेर, पुणे सव्वातीनशे. धाराशिवला सोलापूर सत्तर किलोमीटरवर आहे, पण तिथून मोजकीच उड्डाणं, म्हणून तेही आधी तपासायचं. दिल्ली, कोलकाता, गुवाहाटी अशा लांबच्या ठिकाणी जायचं असेल तर मी लातूरकरांना हैदराबाद किंवा पुणं सांगतो. विमानं भरपूर, एक चुकलं तर दुसरं मिळतं. धाराशिवला पुणंच. पुण्याचा लोहगाव विमानतळ नगर रोडच्या बाजूला असल्यानं संभाजीनगर-अहिल्यानगरकडून येणाऱ्याला शहर ओलांडावं लागत नाही, पण शिक्रापूर ते वाघोली हा पट्टा तासभर खाऊ शकतो. तो तास कागदावर आधीच लिहा.

सहावी पायरी: रेल्वे आणि रस्त्याशी तुलना

कागदाच्या दुसऱ्या बाजूला रेल्वे आणि गाडीचे घंटे लिहा. दरवेळी विमान जिंकत नाही.

मुंबईला रेल्वेनं सुमारे ३७५ किलोमीटर, कारण रूळ मनमाडवरून वळसा घालून जातात. सहा-सात तास. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला, त्यामुळे गाडीनं साडेचार-पाच तासांत ठाणं गाठता येतं; पुढं मुंबईत शिरायचा वेळ वेगळा. म्हणजे विमानाचे साडेचार विरुद्ध गाडीचे साडेपाच-सहा. तास-दीड तासाचाच फरक. चार माणसांचं कुटुंब असेल तर मी गाडी किंवा रेल्वे सांगतो. एकटा माणूस सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणार असेल आणि वेळा जुळत असतील, तर विमान. आणि सकाळी दहाचं काम असेल तर माझी पहिली पसंती रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसला. झोपेत प्रवास होतो, सकाळी मुंबईत उतरता येतं, आंघोळ-नाश्ता करून माणूस वेळेवर हजर. आईला आता मी तसंच नेतो.

नांदेडहून हैदराबादचंही तेच. सरळ अंतर २४५ किलोमीटर, हवेत तास. पण शमशाबाद शहराच्या दक्षिणेला, बरंच बाहेर आहे. दवाखाना सिकंदराबादकडे असेल तर उतरून पुन्हा तास-दीड तास. रात्रीची रेल्वे तुम्हाला थेट सिकंदराबाद नाहीतर काचीगुड्याला सोडते. आपल्याकडची जुनी पिढी निजामाच्या काळापासून याच वाटेनं हैदराबादला जात आली, आणि ती वाट अजूनही सोयीची आहे. हैदराबादहून पुढं दुसरं विमान पकडायचं असेल तेव्हा मात्र शमशाबादचं विमानच बरं.

दिल्लीला विचारच करू नका. परभणीच्या माणसालासुद्धा चिकलठाण्यापर्यंतचे चार तास धरून नऊ-दहा तासांत दिल्लीतलं घर गाठता येतं. सचखंड एक्स्प्रेसनं तोच प्रवास म्हणजे अख्खा दिवस, रात्र आणि वर पुढची सकाळ. पैसे जमत असतील आणि बरोबर म्हातारं माणूस असेल तर विमान घ्या.

सातवी पायरी: पुढं दुसरं विमान असेल तर

आखातात कामाला जाणारे, शिकायला परदेशी जाणारे आपल्याकडे आता गावोगाव आहेत. त्यांच्यासाठी दोन गोष्टी.

पहिली, तिकिटावर प्रत्येक ठिकाणची स्थानिक वेळ असते. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. मुंबईहून सकाळी १० ला निघून ११:४५ ला पोचणार असं लिहिलं असेल तर प्रवास पावणेदोन तासांचा नाही. त्यात दीड तास मिळवा, सव्वातीन तासांचा आहे. अंतरच सुमारे १९३० किलोमीटर आहे. येताना उलटं: रात्री १० ला निघून २:३० ला मुंबईत, म्हणजे साडेचारातून दीड वजा, तीन तास. येताना वेळ कमी का? हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. येताना ते पाठीशी असतात, जाताना समोरून.

रात्रीच्या बाराचा घोळही इथंच होतो. तिकिटावर १५ तारीख आणि ००:२५ वेळ असेल तर ते विमान १४ तारखेच्या रात्री आहे. तुम्हाला १४ च्या संध्याकाळीच विमानतळावर असायला हवं. आमच्या गल्लीतला एक मुलगा १५ च्या रात्री बॅगा घेऊन पोचला होता. विमान आदल्या रात्रीच गेलेलं, नवं तिकीट काढायला घरच्यांना उसने पैसे घ्यावे लागले. कागदावर तारखेबरोबर वारही लिहा आणि "अमुक वारची रात्र, पुढचा वार उजाडायच्या आत" असं शब्दांत लिहा.

दुसरी, दोन विमानांचं तिकीट शक्यतो एकत्र, एकाच पीएनआरवर काढा. मग पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय करणं कंपनीकडे येतं. वेगवेगळी तिकिटं स्वस्त दिसतात, पण पहिलं चुकलं की दुसऱ्याचे पैसे गेले. बॅगही बाहेर काढून पुन्हा द्यावी लागते. वेगळीच काढायची वेळ आली तर देशातलं विमान उतरणं आणि परदेशाचं सुटणं यात किमान पाच तास ठेवा. टी-१ ला उतरून टी-२ ला जायचं असेल तर सहा. आणि दोन्ही विमानं एकाच विमानतळावर आहेत ना, हे परत बघा. अंधेरी ते उलवा हा स्वतंत्र प्रवास आहे.

निघायच्या दिवशी

डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला दाट धुकं पडतं, जून ते सप्टेंबर मुंबईला पाऊस. आपल्याकडे आभाळ निरभ्र असतं आणि तरी विमान उशिरा येतं, मग लोक चिडतात. बहुतेक वेळा जे विमान तिकडून येतं तेच आपल्याला घेऊन परत जातं. ते दिल्लीहून निघालंच नसेल तर चिकलठाण्याला काय येणार? म्हणून घरून निघण्याआधी तिकडून येणारं विमान सुटलं का ते कंपनीच्या ॲपवर बघा. मात्र उशीर दिसला तरी तुम्ही मूळ वेळेलाच पोचा. कधीकधी वेळ पुन्हा अलीकडे येते.

सामानाचं थोडक्यात: देशातल्या विमानात साधारण १५ किलोची मोठी बॅग आणि ७ किलोची हातातली चालते, तिकिटावर आकडा बघून घ्या. पॉवर बँक हातातल्या पिशवीतच. मोठ्या बॅगेत सुकं खोबरं घालू नका, ते ज्वलनशील धरतात आणि काढून घेतात. लोणचं आणि तुपाचा डबा पिशवीत पिशवी करून मोठ्या बॅगेत, नाहीतर तपासणीच्या ठिकाणी आजीनं केलेलं लोणचं सोडून यायची वेळ येते.

शेवटचं काम, न्यायला येणाऱ्याला फोन. त्याला तिकिटावरची उतरण्याची वेळ सांगू नका. त्यात बॅग असेल तर पाऊण तास, नसेल तर वीस मिनिटं मिळवून सांगा. विमानतळाचं नाव, टर्मिनल, आणि विमानाचा क्रमांक मेसेज करा, म्हणजे तो घरी बसून विमान कुठं आलंय ते बघू शकतो. आणि उतरल्यावर फोन चालू करून आधी घरी कळवा. परभणीच्या मावशीचं विमान दिल्लीला उतरलं तेव्हा तिनं आधी मला फोन केला, "आलाव रे पोरा, दोन घंटे लागले बघ." मी विचारलं, घरून निघून किती झाले? तिनं हिशेब केला आणि म्हणाली, "आत्तापर्यंत आठ. आणि अजून घरी पोचायचंय."